विशारदनंतर काय?

रत्नागिरीत शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलामुलींचा रस्ता साधारण ठरलेला असतो. आठव्या-नवव्या वर्षी पेटीवर सा-रे-ग-म, मग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. दहावी-बारावीला खंड पडतो. त्यातून जे टिकतात ते विशारद होतात. तोवर विशी आलेली असते, बी.एस्सी. किंवा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू असतं आणि मुलगी एके दिवशी सांगते, मला गाण्यातच पुढे शिकायचंय. आई-बाबा विचारतात, म्हणजे नक्की काय शिकणार? प्रश्न रास्त आहे. बहुतेक घरांत त्याचं उत्तर ‘एम.ए. करेन’ एवढ्यावरच थांबतं, आणि मग मुंबई, पुणे की कोल्हापूर, राहायचं कुठे, पैसे किती, यावर बोलणं सुरू होतं. नक्की काय शिकायचं, हा मूळ मुद्दा मागेच राहतो. ध्वनी आणि संगीत यांचा पदव्युत्तर अभ्यास आज कुठे कसा चालतो, त्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे म्हणूनच एकदा सलग पाहायला हवं.

पहिला घोळ अलंकार आणि एम.ए. यांचा. मंडळाच्या परीक्षांत विशारदच्या पुढे अलंकार, आणि त्यापुढे संशोधनाची संगीताचार्य पदवी. विशारद म्हणजे बी.ए. आणि अलंकार म्हणजे एम.ए., असं सर्रास बोललं जातं. काही विद्यापीठं आणि काही सरकारी खाती अशी समकक्षता मानतात, पण ती सरसकट नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या त्या विद्यापीठाला लेखी विचारून घेतलेलं बरं. कागदाच्या किमतीपेक्षाही मोठा फरक आहे तो अभ्यासाच्या जातीचा. अलंकारच्या विद्यार्थ्याला रागांचा विस्तार, लयकारी, अप्रचलित राग, मंचप्रदर्शन यांत तयार व्हावं लागतं. परीक्षक समोर बसून राग विचारतात आणि तुम्ही गाता. ही परीक्षा कलावंताची, आणि ती उत्तम आहे. १९०१ साली लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढताना विष्णु दिगंबर पलुस्करांना जे हवं होतं, म्हणजे राजवाड्यातलं आणि कोठीवरचं गाणं सभ्य मध्यमवर्गीय घरात यावं, ते या परीक्षापद्धतीनं करून दाखवलं. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ स्थापन केलं आणि आज गावोगाव त्याची केंद्रं आहेत. रत्नागिरीसारख्या ठिकाणी संगीतशिक्षणाचा कणा हाच.

एम.ए.नं मात्र आणखी काही द्यायला हवं. दोन वर्षं अधिक रियाझ आणि अधिक राग, एवढंच मिळणार असेल तर त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. ते काम चांगला गुरू अधिक चांगलं करतो. विद्यापीठानं शिकवायचं ते प्रश्न विचारणं, पुरावा गोळा करणं, तो तपासणं आणि लिहिणं. या कसोटीवर आपले बहुतेक अभ्यासक्रम कमी पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. शास्त्राच्या पेपरात अजूनही ‘थाट पद्धतीचे गुणदोष लिहा’, ‘ग्राम आणि मूर्च्छना म्हणजे काय’ असे प्रश्न येतात, गाइडातून पाठ केलेली उत्तरं लिहिली जातात आणि प्रात्यक्षिकाशी त्यांचा सांधा जुळत नाही. एकच विद्यार्थिनी सकाळी तोडी गाते आणि दुपारी तोडी थाटाची टीप लिहिते. सकाळी गायलेल्या कोमल गंधाराविषयी दुपारी तिला काही सांगता येत नाही.

हे असंच चालत आलंय असं मात्र नाही. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात लिहिला गेला. शार्ङ्गदेव तिथे हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता, वैद्यकही जाणत होता. त्याच्या ग्रंथातल्या पहिल्याच अध्यायात बावीस श्रुती समजावण्यासाठी दोन वीणा मांडायला सांगितलं आहे. प्रत्येकीला बावीस तारा, पहिली तार शक्य तितकी खाली लावायची आणि पुढची तिच्यापेक्षा इतकीच वर, की दोघींच्या मध्ये तिसरा नाद बसू नये. एक वीणा तशीच ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीनं उतरवत पहिलीशी ताडून पाहायच्या. दोन वीणांची ही कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रापासूनची, पण शार्ङ्गदेवानं ती कुणालाही करून पाहता येईल अशी मांडली. आजच्या भाषेत हा प्रयोग आहे: एक गोष्ट स्थिर, एक बदलती, आणि निवाडा कानाचा.

पुढेही संगीताचा विचार बऱ्याचदा अशाच, दुसरा व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसांनी केला. विष्णु नारायण भातखंडे वकील होते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड त्यांनी मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिले, देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांना साथ देणारे क्लेमंट्स आय.सी.एस. अधिकारी, न्यायाधीश. विद्यापीठीय संगीतविभाग नंतर आले. अभ्यासाची भूक आधीपासून होती.

देवलांचं काम थोडं जवळून बघण्याजोगं आहे, कारण पदव्युत्तर अभ्यास कसा असावा याचा धडा त्यात आहे. १९१० मध्ये त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर पुस्तिका काढली. गायकांचे स्वर तारेच्या लांबीवरून मोजायचे आणि त्यांची गुणोत्तरं काढायची, ही त्यांची रीत. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई या कामात त्यांच्याबरोबर होता. त्यातून निघालेल्या मापांवर क्लेमंट्सनी इंग्लंडमधून श्रुतिपेटी घडवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या मापांवरून आणि पेटीवरून जोराचा वाद झाला. भातखंडे विरोधात होते. त्यांना बारा स्वर आणि दहा थाटांची व्यवहारात चालणारी चौकट हवी होती.

वाद कशाचा, ते एका स्वरावरून कळतं. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. प्रत्येक भागाचे शंभर बारीक अंश धरले तर सा ते वरचा सा बाराशे अंश, आणि शुद्ध गंधार चारशेवर. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून, पाचव्या स्वयंभू स्वरातून ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ अंशांवर आहे. पंचमांच्या साखळीनं पोचलं तर तोच गंधार ४०८ वर जातो. म्हणजे ‘शुद्ध गंधार’ म्हणून तीन जागा, आणि सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या जागेत बावीस अंशांचं अंतर. तयार कानाला ते सहज कळतं. पेटीवाल्याबरोबर गाताना भूप थोडा उपरा वाटतो तो यामुळे. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामागच्या कारणांत हेही होतं.

मग गायक प्रत्यक्षात कुठला गंधार लावतो? १९६३ मध्ये नझीर जैराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्रानं मोजून पाहिलं. वेगवेगळ्या कलावंतांचा तर जाऊ द्या, एकाच कलावंताचा एकाच रागातला गंधारही एका जागी बसत नव्हता. बावीस ठरलेल्या खुंट्या आणि त्यांवर टांगलेले स्वर, हे चित्र त्या मापनातून उभं राहिलं नाही. दुसरीकडे आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात आणली आणि श्रुती निश्चित आहेत अशी मांडणी केली. वाद मिटलेला नाही. माझा कल मोजमापाकडे आहे: स्वर म्हणजे एक इलाखा, त्यात कुठे थांबायचं हे राग, चाल, आधीचा स्वर आणि गवयाची तब्येत ठरवते. पण एम.ए.च्या विद्यार्थ्यानं माझा कल पाठ करून उपयोग नाही. त्यानं दहा गायकांचे भूप घ्यावेत, गंधार मोजावेत आणि स्वतःचं म्हणणं पुराव्यानिशी लिहावं. त्यासाठी लागणारी ‘प्रात’ किंवा ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. देवलांना तारेवर घोडी सरकवत जे दिवसभर करावं लागे ते आज रत्नागिरीच्या कुठल्याही कॉलेजच्या संगणककक्षात एका तासात होतं. तरीही अभ्यासक्रमात त्याला जागा नाही, याची मला खंत वाटते.

हाच धागा भौतिकशास्त्राकडे नेतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० चं नोबेल प्रकाशाच्या अभ्यासासाठी मिळालं, पण त्याआधी त्यांनी बरीच वर्षं वाद्यांवर काम केलं होतं. १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी भारतीय तालवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केलं. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा आवाज नुसता ‘धम्’ येतो, त्याला स्वर नसतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या मधोमध शाई चढवली की कातड्याची कंपनं बदलतात. पहिल्या नऊ प्रकारची कंपनं मिळून पाचच सुरेल उपस्वरांवर येऊन बसतात, आणि तबला षड्जात ‘लागतो’. शतकानुशतकं वाद्य घडवणाऱ्या हातांनी कानाच्या भरवशावर जे साधलं, त्याचं गणित रामन यांनी मांडलं. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीचाही उलगडा केला: रुंद, किंचित बाकदार घोडीवर तार टेकत-सुटत राहते, म्हणून एरवी उमटायला नको असे उपस्वरही उमटतात. आपण जवारी म्हणतो ती हीच. जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत जागा शोधतो. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की आवाज मिटतो. हे काम मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता यात कोकणातल्या विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न कुठला? दमट हवा. आषाढात रत्नागिरीतला तबलजी पुडी चढवून चढवून थकतो. सकाळी काळी दोनला लावलेला तबला मैफल रंगेपर्यंत उतरतो. तंबोऱ्याच्या तारा गंजतात, पेटीच्या सुरांवर हिरवट थर येतो आणि ते बेसूर होतात. इथल्या प्रत्येक वादकाला हे ठाऊक आहे, प्रत्येकाचे तोडगे आहेत: कुणी वाद्याच्या पेटीत बल्ब लावतो, कुणी खोळीत तांदळाची पुरचुंडी ठेवतो. हवेतली आर्द्रता किती वाढली की पुडी किती उतरते, शाईच्या भागात आणि चाटेत तो फरक सारखाच पडतो का, कातड्याऐवजी कृत्रिम पडदा चढवला तर काय हरवतं, हे पाऊसभर नोंदवून कुणी लिहिलं तर तो चांगला शोधनिबंध होईल. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणूनही चालेल, संगीताच्या एम.ए.चा म्हणूनही. दोन विभागांनी मिळून एक विद्यार्थी घेतला तर उत्तमच.

ध्वनीच्या तांत्रिक शिक्षणाचं घर वेगळं आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्या जुन्या आवारात, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकल्पनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते, मात्र बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट राहिलेली आहे. कला शाखेतून आलेल्या गुणी मुलांची वाट तिथे अडते, म्हणून अकरावीच्या प्रवेशावेळीच हे ठाऊक असलेलं बरं. कोलकात्याची सत्यजित राय संस्था याच तोडीची. खासगी संस्था पुष्कळ निघाल्यात आणि त्यांचं शुल्क मोठं आहे. त्यांतल्या कित्येक ठिकाणी एखादं सॉफ्टवेअर शिकवतात आणि त्याला ध्वनिअभियांत्रिकी म्हणतात. प्रवेशाआधी एवढंच विचारावं: ऐकण्याचं प्रशिक्षण रोज किती तास आहे, आणि वास्तुध्वनिशास्त्र शिकवतं कोण?

वास्तुध्वनिशास्त्र का हवं, ते हिशेबानंच दाखवतो. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी १८९५ च्या सुमारास एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-रात्री ऑर्गनची नळी वाजवून, आवाज विझायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजलं. खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या, पुन्हा मोजलं. त्यातून सूत्र निघालं: खोलीच्या घनफळाला ०.१६१ नं गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागायचं. आपल्याकडच्या एखाद्या सभागृहाची लांबी २० मीटर, रुंदी १२, उंची ६ धरू. घनफळ १४४० घनमीटर. गुळगुळीत गिलावा, फरशी, मोजके पडदे असं धरून शोषण १२० चौरस मीटर मानलं तर आवाज विझायला सुमारे १.९ सेकंद लागतील. तिथे विलंबित ख्याल सुंदर लागेल, पण नाटकाचे संवाद एकमेकांत मिसळतील. आता दोनशे रसिक येऊन बसले. माणशी साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण वाढलं, एकूण २१० झालं आणि वेळ उतरला १.१ सेकंदावर. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये केलेली माइकची तपासणी संध्याकाळी फसते ती याच कारणानं. आणि थिबा राजवाड्याच्या आवारात, आर्ट सर्कलच्या महोत्सवात, उघड्या आकाशाखाली गाणाऱ्याला भिंतीकडून काहीच परत मिळत नाही. त्याचा स्वतःचा आवाज त्याला मॉनिटरमधूनच ऐकावा लागतो. जांभ्या दगडाची सच्छिद्र भिंत, कौलारू छप्पर, लाकडी खांबांचा सभामंडप, यांचं शोषण किती याच्या नोंदी कुणी पद्धतशीर केल्या तर कोकणात नाट्यगृह बांधणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेला त्यांचा उपयोग होईल. संगीत नाटक इथे जिवंत आहे. खल्वायनसारखी संस्था ते निष्ठेनं करते. नाट्यपदाचा शब्द शेवटच्या रांगेत पोचतो की नाही, हा या शहराचा खराखुरा प्रश्न आहे.

ध्वनीच्या आणखी दोन शाखांची नुसती ओळख करून देतो. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवण आणि वाचा यांचं शिक्षण देते. तिथे पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांची गरज जिल्हा रुग्णालयांपासून शाळांपर्यंत सगळीकडे आहे. आणि गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पाण्याखालच्या ध्वनीचा अभ्यास चालतो. मत्स्यमहाविद्यालय असलेल्या रत्नागिरीला तो परका वाटू नये.

संगणक आणि संगीत ही गेल्या वीसेक वर्षांत उभी राहिलेली शाखा. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात ध्वनी आणि संगीत संगणन या विषयाची मास्टर्स पदवी आहे. तिथल्याच झेवियर सेरा यांनी २०११ मध्ये कॉम्पम्युझिक हा प्रकल्प सुरू केला आणि त्यात हिंदुस्तानी व कर्नाटक संगीतासह पाच परंपरा घेतल्या. आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव यांचा गट याच क्षेत्रात काम करतो. या कामात पहिलीच अडचण काय आली, तर षड्ज. युरोपीय संगीतासाठी लिहिलेल्या प्रणाली स्वराची पट्टी ठरलेली आहे असं धरून चालतात. आपल्याकडे कुणाचा सा काळी एक, कुणाचा पांढरी पाच. सा सापडल्याशिवाय पुढचा एकही स्वर ओळखता येत नाही. म्हणून आधी ध्वनिमुद्रणातला तंबोरा शोधायचा, त्यावरून सा ठरवायचा, मग राग. आपला गुरू पहिल्या दिवशी ‘आधी सा लाव’ म्हणतो, तिथूनच यंत्रालाही सुरुवात करावी लागली. या शाखेत गाणारे अभियंते आणि गणित जाणणारे गायक हवे आहेत. विशारद झालेली आणि संगणकशास्त्र शिकलेली मुलगी इथे थेट उपयोगी पडते. आपल्या तालुक्यांत अशा मुली आहेत. या वाटेची माहिती त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

इतका वेळ शास्त्रीय संगीताचं बोललो, पण रत्नागिरीच्या विद्यार्थ्याचं खरं भांडवल दुसरीकडे आहे. शिमग्यात पालखी नाचवताना वाजणारे ढोल, मानकऱ्यांचं गाऱ्हाणं, गावोगावचे खेळे, नमन. त्यातली गण, गवळण, काळ्या पेहरावातला उंच टोपीचा संकासुर, आणि सगळ्याला धरून ठेवणारा मृदुंग. भाद्रपदात जाखडी: शाहीर आणि वादक मध्ये बसलेले, भोवती एका पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे, शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनी हाच नाच तिकडे नेला, लोक त्याला बाल्या नाच म्हणू लागले. आता मुंबईच्या नाट्यगृहांत शक्ती-तुऱ्याचे सामने होतात, शाहीर माइकवर प्रतिध्वनी लावून घेतात, कीबोर्ड आला, चाली सिनेमातून येतात. जाणकार नाकं मुरडतात. अभ्यासकानं नाक मुरडू नये. कॅसेट येण्याआधीची जाखडी, कॅसेटवरची आणि आजची, यांत लय किती वाढली, शाहिराची पट्टी किती चढली, ओळीची लांबी बदलली का, हे मोजता येतं आणि शाहिरांना विचारता येतं.

अशा कामाला वाट दाखवणारे आपल्याकडे होऊन गेले. डॉ. अशोक दा. रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते; पुढे एनसीपीएमध्ये त्यांनी संशोधन उभं केलं. लोकसंगीताचं शास्त्र, रंगभूमीचं संगीत, आवाजाची जोपासना हे विषय त्यांनी मराठीत अभ्यासाचे केले, आणि आदिम, लोक, धर्म, कला, जन अशा संगीतकोटी मांडून शास्त्रीय तेवढंच संगीत ही समजूत मोडली. डॉ. प्रभा अत्रे यांनी सरगमवर प्रबंध लिहिला, स्वतःच्या गाण्यातली गोष्ट विचारासाठी टेबलावर ठेवली, आणि एसएनडीटीचा पदव्युत्तर संगीतविभाग सांभाळला. ते विद्यापीठ १९१६ मध्ये काढणारे महर्षी कर्वे मुरुडचे, आपल्याच जिल्ह्यातले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि संख्या एक लाखाच्या वर गेली. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. जैराजभॉय यांनी १९८२ मध्ये ध्वनिसंग्रहाचं केंद्र काढलं ते आधी पुण्यातच. नंतर ते दिल्लीकडे गेलं, आज गुरगावात आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथे लोककलेत एम.ए. करता येतं, आणि रत्नागिरीची महाविद्यालयं त्याच विद्यापीठाची. विद्यापीठाचं उपकेंद्रही शहरात आहे. या अकादमीचं एखादं सत्र शिमग्याच्या दिवसांत या उपकेंद्रात भरलं, तर विद्यार्थ्यांना पुस्तकातलं नमन अंगणात दिसेल.

आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ पासून आहे. त्यावर एका पिढीची भजनं, कीर्तनं, शाहिरी, पेटीवादन वाजलं. असे ध्वनिसंग्रह जपणं, त्यांची सूची करणं, कोण गातंय, कुठल्या गावचं, कोणत्या साली, हे वाजवणाऱ्यांचे मुलगे-नातवंडं हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवणं, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याचंच काम आहे. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाचा आवाज मुद्रित झाला नाही, त्याची हळहळ आपण शंभर वर्षं करतो आहोत. घरोघरच्या कपाटांत बुरशी धरणाऱ्या कॅसेटींबाबत मात्र आपण स्वस्थ बसलो आहोत, आणि कोकणातली हवा फितीला फार दिवस देत नाही. मुंबईत १९९० मध्ये ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांनी स्वतःची सोसायटी काढली, तिच्या कामात टीआयएफआरचे शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर अग्रभागी होते. पगार दुसरीकडचा आणि ध्यास हा, ती जुनी मराठी परंपराच पुन्हा.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे. जागा थोड्या, भरती रखडलेली, तासिका तत्त्वावरचं मानधन तुटपुंजं. विद्यार्थ्यांना हे आधीच सांगायला हवं. शाळा, खासगी वर्ग, ध्वनिमुद्रणगृह, संग्रहालय, श्रवणचिकित्सा, सॉफ्टवेअर कंपन्या अशा इतर वाटा धरून हिशेब केला तर चित्र थोडं बरं दिसतं, पण त्या वाटांवर निव्वळ गाणं पुरत नाही, जोडीला दुसरी विद्या लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे: नामांकित गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी असलेला, पदवीधर व्यावसायिक कलावंत नेटशिवायही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. शास्त्रीय गायकाला याचा फायदा आहे. चाळीस वर्षं नमनाचा मृदुंग वाजवणाऱ्या, सातवी शिकलेल्या वादकाला नाही. त्याला निदान मानधनावर गुरू म्हणून विभागात बोलवावं, विद्यार्थ्यांनी एक सत्र त्याच्या गावी जाऊन त्याच्याकडे शिकावं आणि त्या शिक्षणाला गुण मिळावेत. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रानं १९८७ पासून गुरुकुल पद्धत चालवून दाखवली आहे, तिथे गुरूंकडे जाऊन शिकणं हा पदवीचाच भाग आहे. मुंबई विद्यापीठाला ती रत्नागिरीत मृदुंगासाठी आणि जाखडीसाठी सुरू करायला नव्या इमारतीची गरज पडणार नाही.